मोबाईलवरचा विमा

आमच्या गाडीचा विमा मुलानं पुण्यात बसून काढला. कागद मागितला तर म्हणाला, "बाबा, आता कागद कोण ठेवतं? मोबाईलवर दाखवायचं. पोलिसांनाही चालतं." कुणाच्या मोबाईलवर, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. विमा त्याच्या मोबाईलवर आणि गाडी माझ्या दारात, अशी ही प्रगती.

मी जन्मभर मास्तरकी केली. उत्तर न येणाऱ्या पोरांना उभं करायचो. पहिल्याच गुरुवारी बायकोला घेऊन अक्कलकोटला निघालो, तर नाक्यावर हवालदारानं मला तसंच गाडीशेजारी उभं केलं. मुलाला फोन लावला. एरवी 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा तयार मेसेज येतो आणि ते 'नंतर' दिवाळीला उगवतं. त्या दिवशी 'पोलिसांनी धरलंय' एवढं लिहिलं आणि चिरंजीवांचा लगेच फोन. विमा आलाच, वर आईशीही बोलणं झालं. जेवलास का, खोकला गेला का, सून काय म्हणते, सगळं नाक्यावर, भर उन्हात. हवालदार बिचारा ताटकळत होता.

पुढच्या खेपेला मोबाईलमध्ये विमा शोधला, सापडेना. बायको म्हणाली, "कचरा लई झालता त्यात. मीच साफ केला." गुड मॉर्निंगची फुलं तेवढी जागच्या जागी होती. परत पोलीस, परत फोन, परत जेवलास का.

हे असं होतच राहिलं. जगातली माणसं पोलीस चुकवायला गल्लीबोळातनं गाडी काढतात. आमची बायको नाका आला की म्हणायची, "अहो, हळू घ्या की. त्यांचं लक्ष न्हाई." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि घरातली चलाखी कळायला हवालदार लागला. कळल्यावरही मी गप्प बसलो. मलाही मुलाची आठवण येते. पण बापानं तसं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी सरकारला शिव्या घालतो.

परवा गुरुवारी बायको घरातूनच सांगत निघाली, आज त्याला विचारायचंय, गड्ड्याच्या जत्रेला येणार का म्हणून. गेल्या वर्षी तो आला नव्हता. नाक्याला मी आपण होऊन गाडी हळू केली. नवीन पोलीस होता, तरुण, चुणचुणीत. त्यानं काहीच मागितलं नाही. गाडीचा नंबर स्वतःच्या मोबाईलवर टाकला आणि स्वतःच शोध लावल्यासारखा हसला.

"काका, विमा हाय की तुमचा. हितं दिसतोय सगळा. जावा."

"दाखवायचं काही नको?" मी विचारलं.

"काय बी नको. आता कुणाला फोनाफोनी करायची गरजच न्हाय."

बायकोच्या हातात मोबाईल तयार होता, मुलाचा नंबर काढलेला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. मी गिअर टाकला, तशी ती माझ्या अंगावरून खिडकीकडं वाकली.

"साहेब, नीट बघा की," ती म्हणाली. "संपला असंल आमचा विमा."