पाण्यात पेशी नाहीत

लग्न होऊन मी अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या बिऱ्हाडात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंना ताप भरला. औषधाने तो हटेना. मग मान ताठ झाली, आणि त्या मला आपली धाकटी बहीण समजून बोलायला लागल्या. हे कारखान्यात पाळीवर होते. मामंजींनी टांगा आणला आणि आम्ही त्यांना उल्हासनगरच्या कॅम्पातल्या इस्पितळात नेलं.

तिथल्या तरुण सिंधी डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवून मणक्यांमध्ये सुई घातली आणि थोडं पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर या पाण्यात कळतं, एवढंच सांगितलं. तिथे बायकापुरुषांच्या खाटा एकाच खोलीत होत्या; पलीकडच्या खाटेवर एका सिंधी बाईंचा नवरा होता. त्याचीही मान तशीच ताठ, त्याचंही पाणी त्याच दिवशी काढलेलं. बाईंनी मला काही न विचारता डब्यातली कोकी, कांदा घातलेली त्यांची जाड पोळी, हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्या खाटेपाशी नर्सला "एसेल्युलर" म्हणाले आणि पुढे गेले.

"काय म्हणाला गं?" मामंजींनी विचारलं.

"सेल नाहीत, असं काहीतरी."

"सेल? बॅटरीतले?"

मी मॅट्रिक झालेली. शरीर पेशींचं बनलेलं असतं, एवढं शाळेतलं आठवत होतं. पेशीच नाहीत म्हणजे आत काही उरलंच नाही, असा मी अर्थ लावला आणि तसंच मामंजींना सांगून बसले. ते भिंतीला टेकून खालीच बसले. मी धावत डॉक्टरांना गाठलं.

"अरे बहेन, यह तो अच्छी बात है!" ते म्हणाले. ते मला प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली. मला नुसता उजेड दिसला.

"यह आपकी सास का पानी. इस में सेल होने ही नहीं चाहिए."

मग त्यांनी काच बदलली. या वेळी सगळीकडे जांभळे ठिपके, दाटीवाटीने. हे सूज आलेल्या माणसाचं पाणी, ते म्हणाले. कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ज्यात पेशी नाहीत ते अपेशीय, हा मराठी शब्द मला पुष्कळ वर्षांनी मुलाच्या पुस्तकात भेटला. त्यात विषाणूंबद्दल लिहिलं होतं.

परत आले तर सिंधी बाई वाटच पाहत होत्या. "तुम्हारा क्या बोला?"

"साफ है," मी म्हटलं. मान वर करवेना.

"मेरे वाले का साफ नहीं है," त्या म्हणाल्या. त्यांना आधीच कळलं होतं. "चलो, एक घर तो छूटा."

सासूबाईंना टायफॉइड निघाला. पेजेवर राहून त्या हळूहळू उठल्या. केस मात्र सगळे गळले, ते वर्षभर त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. पलीकडचे गृहस्थ पेनिसिलिनने वाचले, पण त्यांचे कान गेले. पुढे कॅम्पात त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला, माझ्याकडे बोट केलं आणि दोन्ही हातांनी शेजारशेजारच्या दोन खाटा दाखवल्या. ते लगेच उठले आणि मला बसायला स्टूल पुढे केलं.