सुमनचं लांबलचक वाक्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला डी.एड. करून मी भडगावजवळच्या एका शाळेत लागले. सातवीला मराठी. मुलं पूर्णविराम द्यायचीच नाहीत. 'आणि', 'मग' जोडत वाक्य पानभर ओढायची. म्हणून मी रोज असं एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून तोडून घ्यायचे. छान जमत होतं — मला त्याची घमेंडही होती.

एकदा 'माझा भाऊ' असा निबंध दिला. सुमननं लिहिलं — भावाला ताप आला आणि बाबांनी बैल जुंपले आणि गिरणा नदीला खूप पाणी होतं म्हणून अलीकडेच थांबलो आणि आई त्याला हलवत होती आणि मग तो हलेना आणि... सगळं एकाच वाक्यात.

मी ते वाचलं होतं. नीट वाचलं होतं — हेच तर सांगायचंय. कळलं नव्हतं असं नाही. तरी फळ्यावर लिहिलं. का? तर इतकं लांब वाक्य दुसऱ्या कुणाचं नव्हतं. वर तिलाच उभं केलं. म्हटलं, "वाच, एका दमात."

मध्येच तिचा दम संपला. वर्ग हसला. आणि मी? मीही हसले. मग मुलं हात वर करकरून सांगू लागली, पूर्णविराम कुठे. 'तो हलेना'च्या पुढे मी माझ्या हातानं ठिपका दिला. सुमन उभीच. तिला बस म्हणायचं मी विसरले.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. काही दिवसांनी तिचे वडील आले, टोपी हातात धरून.

"बाई, पोर शाळामा येवाले नही म्हणस. तुमीन काही बोलनात का तिले?"

"नाही हो भाऊ, मी कशाला बोलू? अभ्यासात मनच नाही तिचं."

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मला नमस्कार केला — मला! फाटकापर्यंत सावकाश चालत गेले. हाक मारायला कितीसा वेळ लागतो? मी मारली नाही.

सुमनचं नाव पटावरून कमी झालं. दिवाळीनंतर एसटीतून जाताना ती कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये दिसली. कुणीतरी उतरत होतं, गाडी तिथेच थांबली. तिनं मला ओळखलं. डोक्यावरचं फडकं सारखं करत ती खिडकीकडे यायला निघाली.

मी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधू लागले. गाडी सुटेपर्यंत शोधत राहिले.