साडेपाच तास मागे

कुणाच्याही संगणकासमोर बसायच्या आधी दीदी उजव्या मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. मग विचारत, "घडलं कधी?"

समोरचा म्हणे, "सकाळी अकरा-साडेअकराला."

"अकरा की साडेअकरा? आणि कोणत्या घड्याळात? तुमच्या का मशीनच्या?"

त्यांच्या डाव्या हातात साधं बायकी घड्याळ असे, तुमच्याआमच्यासारखं चालणारं. उजव्या हातातलं मोठं, पुरुषी घड्याळ त्यांच्या वडिलांचं होतं. वडील इथल्या संरक्षण कारखान्यात तपासनीस होते. ते घड्याळ दीदींनी मुद्दाम साडेपाच तास मागे लावलं होतं. आमची सगळी यंत्रं ग्रीनिचची वेळ पाळतात, म्हणून. नव्या माणसाला वाटे, घड्याळ बंद पडलंय. कुणी तसं सांगितलं की त्या हसून म्हणत, "बंद नाही हो. ते तिकडे राहून राहिलं."

वयानं मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण सारं ऑफिस त्यांना दीदी म्हणे, तसा मीही. त्या मला भाऊ म्हणत. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आलेला. त्यांचा जन्म इथला, माहेर मझौलीचं. त्यांचं मराठी नागपूरकडे झुकलेलं आणि मधूनच हिंदीत उतरणारं. पहिल्या दिवशी मला त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी लई इस्त्रीचं आहे, भाऊ."

आमचं ऑफिस विजय नगरात, मिठाईच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी खाली खोव्याची जलेबी तळायला लागली की वास जिन्यानं वर येई आणि सगळ्यांची बोटं कीबोर्डवर मंद होत. काम असं, की दुसऱ्या कंपन्यांची कामं दूर कुठेतरी क्लाउडवरच्या मशीनवर चालतात. ती मशीन उभी करायची, थांबवायची, नको झाली की पुसून टाकायची, हे सगळं माणसाचा हात न लागता व्हावं, असं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. एक हुकूम सुटतो आणि चार-पाच टप्प्यांच्या हातांतून जातो. प्रत्येक टप्पा आपापली रोजनिशी लिहितो. तिला आम्ही लॉग म्हणतो. बिघाड झाला की खरा प्रश्न एवढाच असतो, रोजनिशी कोणाची उघडायची?

आम्ही सगळे पडद्यावर लाल अक्षरांत जो टप्पा ओरडत असेल त्याची उघडायचो. दीदी म्हणत, "जो ओरडला त्याची शेवटी वाचा. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? ज्यानं काम केलं त्याची आधी काढा."

एकदा सगळे मिळून भेडाघाटला गेलो होतो. नाव संगमरवराच्या उभ्या भिंतींमधून सरकत होती. पाणी इतकं शांत, की वरचा खडक कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आमच्यातल्या कुणीतरी हाक मारली. ती पलीकडच्या भिंतीतून परत आली आणि दोघे-तिघे वळून त्या भिंतीकडेच पाहू लागले. दीदी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "पाहा. सगळे लॉग असेच वाचतात." मग डोळे मिटून त्यांनी हात पाण्यात सोडला. त्या दुपारचं मला तेवढंच आठवतं, त्यांची बोटं आणि बोटांमागे उघडत जाणारी पाण्याची रेघ.

लॉग वाचताना त्या अशाच व्हायच्या. हजारो ओळी खालून वर सरकत आणि त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत. डोळे अर्धे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटे, झोप लागली. मग एकदम बोट पडद्यावर.

"इथं पाहा. दहा-चारपासून दहा-आठपर्यंत कोणी काहीच बोललं नाही. चार मिनिटं. काहून?"

लिहिलेलं सगळेच वाचतात. दीदी न लिहिलेलं वाचत. त्या चार मिनिटांचा माग काढत त्या एका लहानशा मशीनपर्यंत पोचल्या. ते मशीन आहे हेच आम्ही विसरलो होतो. त्याची जागा भरून गेली होती आणि ते मुकाट्यानं बसलं होतं. मनीष नावाचा आमचा सहकारी म्हणाला, "दीदी, आपको तो थाने में होना था."

"थाने में चिल्लाना पड़ता है, भैया. मुझसे नहीं होता."

त्यांचा एकच कडक नियम होता. बिघडलेलं काही आधी पुन्हा चालू करायचं नाही. "त्याचा जबाब तर होऊ द्या. उठवलं की विसरते ते सगळं." मनीषचा हात बटणाकडे गेला की त्या त्याच्या मनगटावर पट्टी मारत. खरीखुरी, लाकडी पट्टी.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो, ते सांगतो.

दीदींच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या पाच दिवस मझौलीला गेल्या. मागे त्यांची कामं माझ्याकडे. त्यांनी लिहिलेलं एक स्वयंचलित काम रोज दुपारी दोनला चाले. ज्या मशीनवर 'रिकामं' अशी खूण असेल, ती मशीन ते पुसून टाकी. त्या मंगळवारी सकाळी मला तीन जुन्या मशीनवर तशी खूण करायची होती. मी यादीतला एक शब्द अर्धाच लिहिला. खूण सबंध गटावर लागली, तीनच्या जागी अकरा मशीनवर. दुपारी दोनला दीदींच्या कामानं, त्याला सांगितलं होतं तसं, अकराही पुसली. त्यांतली आठ मशीन तपासणी प्रयोगशाळांच्या एका साखळीची होती. दोन दिवस लोकांना आपल्या रक्ताचे रिपोर्ट मिळाले नाहीत.

तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं की ते माझ्यामुळे झालंय. पडद्यावर दिसत होतं दीदींचं काम आणि लाल अक्षरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर म्हणाले, "कल दस से तीन तक के सारे लॉग बाँध के भेजो." मी सगळ्या मशीनवर गेलो, दहा ते तीनच्या ओळी काढल्या, गठ्ठा बांधला, पाठवला. गठ्ठा कुणी ओळीनं वाचला नाही, खुणा बदलल्याची नोंद तेवढी शोधली, ती नव्हती. म्हणजे खुणा बरोबर होत्या आणि दीदींच्या कामानंच भलती मशीन उचलली, असं ठरलं.

संध्याकाळी दीदींचा फोन आला. मागे त्यांच्या आईचा आवाज येत होता, कुणाला तरी पडदा ओढायला सांगणारा.

"लॉग घेतले न, भाऊ?"

"घेतले, दीदी."

"सगळ्या मशीनचे?"

"सगळे."

"मग चिंता नाही. मी आल्यावर पाहते."

फोन ठेवला आणि मला त्यांच्या उजव्या हातातलं घड्याळ आठवलं. मी दहा ते तीन काढले होते ते मशीनच्या घड्याळातले. आपल्याकडे ती दुपारची साडेतीन ते रात्रीची साडेआठ होते, सगळं होऊन गेल्यानंतरची वेळ. खुणा कोण बदलतं त्याची रोजनिशी मघा सांगितलेलं ते लहान मशीनच लिही; मी परत त्यावर गेलो आणि बरोबर वेळ काढली. सकाळी दहा-वीस. खूण बदलली, अकरा मशीन. पुढे माझं नाव.

आमच्याकडे त्या मशीनवरच्या फाइली तीन दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. म्हणजे ती फाइल अजून दोन दिवस जगणार होती. गुरुवारी मी ती सकाळी उघडून पाहिली, जेवणानंतर पाहिली. शुक्रवारी संध्याकाळी ती तिथे नव्हती. मी पुसली नाही. मी फक्त काही केलं नाही. ही वाक्यं मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली आहेत, की ती आता गुळगुळीत झाली आहेत.

सोमवारी दीदी आल्या. सगळ्यांसाठी आईनं दिलेले तिळाचे लाडू आणले होते. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गठ्ठा उघडला. पहिली ओळ वाचून त्या थांबल्या. पुढे सरकल्याच नाहीत.

"ही तर संध्याकाळ आहे, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

"अच्छा?" मी म्हणालो.

आजही तो माझा 'अच्छा' मला ऐकू येतो. किती स्वाभाविक जमला होता तो.

त्यांनी लहान मशीन उघडलं. शुक्रवारच्या आधीचं काही नव्हतं. त्या बराच वेळ त्या रिकाम्या यादीकडे पाहत बसल्या. डोळे पूर्ण उघडे होते. मग मॅनेजरकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"लॉग गलत समय के हैं, सर. खूण कोणीतरी बदललेली असणार. माझं काम आपल्या मनानं काही उचलत नाही."

"दीदी, अब बहाने मत बनाइए. क्लाइंट को जवाब देना है."

बाहेर येताना त्या माझ्याकडे पाहत आल्या. मी लाडू खात होतो. त्यांना कळलं होतं का? मला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही. इतरांना त्या चार मिनिटांच्या शांततेचाही जाब विचारत.

त्यांच्याकडून ती सगळी कामं काढून घेतली. मशीनवर जायची परवानगीही गेली. त्यांना माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. तीन महिने त्या 'येथे क्लिक करा' लिहीत राहिल्या आणि मग राजीनामा देऊन नागपूरला मुलीकडे गेल्या.

हे सगळं होऊन चार वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, विसरलं असतं. पण ऑफिस विसरत नाही. आमच्याकडे काही चुकून पुसलं गेलं की नवी पोरं म्हणतात, "दीदी हो गई." ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, तेही म्हणतात. गेल्या महिन्यात एका मुलीच्या हातून एक फाइल उडाली, पलीकडून कुणीतरी "दीदी हो गई!" म्हणालं, सगळे हसले, आणि मी उभा राहिलो.

सगळं सांगितलं. तारीख, मशीन, अर्धा लिहिलेला शब्द, ते दोन दिवस. मॅनेजर म्हणाले, "यार, अब इससे क्या फायदा?" मनीष आपली बाटली उचलून पाणी भरायला गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याच दिवशी मी हे लेखी कळवलं, कंपनीला, त्या प्रयोगशाळांना आणि दीदींना. आता मी पुस्तिका लिहितो. दीदींचं उत्तर आलेलं नाही. ते यावं अशी अपेक्षा करायचा हक्क मला नाही.

ती फाइल उडवलेली मुलगी मात्र नंतर माझ्या टेबलापाशी आली. "सर, दीदी जा रही थीं, तब भी नहीं बताया? मौका ही नहीं मिला?"

"नाही मिळाला," मी म्हणालो. हेही खोटं होतं. तिला सांगू शकलो नाही, ते तुम्हाला सांगतो.

शेवटच्या दिवशी दीदी पाच वाजता निघाल्या. मी पाच मिनिटांनी निघालो, मुद्दामच. पण चौकात सिग्नल लाल होता आणि त्या स्कूटरवर थांबलेल्या. पायांपाशी पुठ्ठ्याचा खोका, खोक्यातून पट्टीचं टोक वर आलेलं. माझी मोटरसायकल नेमकी त्यांच्या शेजारी येऊन थांबली. वरच्या आकड्यांत नव्वद दिसत होतं. ऊन तिरपं झालं होतं, धूळ सोनेरी होऊन आमच्यामध्ये तरंगत होती आणि सबंध चौक पाण्याखाली असावा तसा आवाजाशिवाय हलत होता. दीदी माझ्याकडे वळल्या. हसल्या नाहीत, रागावलेल्याही नव्हत्या. लॉग वाचताना बसत तशा, डोळे अर्धे मिटून, नुसत्या पाहत राहिल्या. एकसष्ट. चाळीस. मी तोंड उघडलं.

"हेल्मेटचा पट्टा लावा, दीदी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पट्टा लावला. आकडे संपले. त्या सरळ गेल्या, खोका दोन्ही पायांनी घट्ट धरून. मला डावीकडे वळायचं होतं. मागून एक रिक्षावाला ओरडत होता, "चलो भैया, बत्ती हरी हो गई, कब की हरी हो गई!"