मुंगसाचं तोंड आणि डोळ्यातला धबधबा

"मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!"

आई गॅलरीतून ओरडत होती. तिचा आवाज असा, की चारकोपमध्ये ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली तर खाडीपलीकडे गोराईतले लोक आपापले गॅस बंद करतात. आमच्या पंपरूममागच्या झुडपात एक मुंगूस राहतं. त्या सकाळी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि मुंगसानं तोंड दाखवल्याशिवाय मोठ्या कामाला निघायचं नाही, हा तिनं तळकोकणातून सोबत आणलेला कायदा. अडचण एवढीच, की मोतीबिंदूमुळे तिला मुंगूस आणि पायपुसणं यांतला फरक कळत नव्हता.

"दाखवलं, दाखवलं!" मी म्हणालो. "चांगलं मान वळवून बघितलं. हसलंसुद्धा."

"मेल्या, तू सांगतोस म्हणजे शेपटीच दिसली असणार."

शेपटीच दिसली होती. पण रिक्षा खाली येऊन उभी होती, आणि उभी रिक्षा परत पाठवणं हा आईच्या मते शेपटीहून मोठा अपशकुन. निघालो.

लिंक रोडवर धुरकट, दुधाळ उजेड होता. बोरिवलीपर्यंत तिचं मन रमवायला मी सुरू केलं. "आई, इंग्रजांकडे मुंगसाला शब्दच नव्हता. 'मंगूस' म्हणतात ते. आपलाच शब्द उचललाय."

"बरं."

"अगं, पोर्तुगीजांच्या गलबतातून गेला तो! मिरीच्या पोत्यांमागे दबा धरून बसलेला. रात्री डेकवर यायचा, चांदण्यात अंग झटकायचा. पलीकडे उतरला तेव्हा मिशांवर मीठ साठलं होतं." बोलता बोलता मलाच ते गलबत दिसायला लागलं. मेट्रोच्या खांबांमधून, शिडं फुगवून, आमच्या रिक्षाशेजारून निवांत चाललेलं. सिग्नलला थांबलंसुद्धा.

"थापा," आई म्हणाली. "चौथीत असताना मास्तरांना वाघानं खाल्लं म्हणून घरी आला होतास तू. दुपारी मास्तर पेढे घेऊन दारात."

हॉस्पिटलात तिच्या डोळ्यात थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं. थोड्या वेळानं तिला ट्यूबलाइटींचे चंद्र दिसायला लागले. ती चेहरा वर करून बघत राहिली, आणि मग चक्क कुजबुजली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

"खरं सांग. दिसेल ना रे मला?"

"दिसेल."

"हे तू सांगतोयस."

वाघ निदान दुपारपर्यंत खपला होता. इथे 'दिसेल' एवढा एक शब्द जागच्या जागी खपेना. आईनं पिशवी उचलली. "चल घरी. दिसतंय तेवढं पुरे. हे लोक आहे तेपण घालवतील."

मी पिशवीचा बंद धरला. "आपण मोतीबिंदू म्हणतो," मी म्हणालो, "डोळ्यात मोती. इंग्रजीत काय म्हणतात माहितीय? कॅटरॅक्ट. त्याचा जुना अर्थ धबधबा."

ती उभ्याची खाली बसली.

"धबधबा?"

"हो."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "लहानपणी आंबोलीला गेलो होतो. पाण्याच्या मागं कपारीत मी उभी. पुढं आईबाबा हात हलवत होते, पण पांढरं पांढरं नुसतं. तसंच दिसतं रे आता. सगळे पाण्यापलीकडे उभे. तूपण."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. आईनं ऑपरेशनचं काही विचारलं नाही. सकाळच्या त्याच आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा, हे खरं?"

बाई दचकल्या. "हो आजी. मूळचा लॅटिन शब्द आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ह्यानं," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या शेजारी टांगलेल्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे. त्या नळकांड्याकडे तिनं इतक्या मायेनं बघितलं, की मला त्याचा हेवा वाटला. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवून ती उठली आणि बाईंचा हात धरला.

"आई," मी म्हणालो, "घाबरू नकोस. दिसेल."

"बरं," ती म्हणाली. "चपला सांभाळ."