आजचं मीठ सरलं

चहाचं पातेलं रोज कितीही घासा, बुडाशी थोडा रंग राहतोच. आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच झालंय. संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुतो, बायको विचारते, "आज काय?" मी सांगतो. असं सांगता सांगता पातेलं पार काळं झालं! शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, म्हणून मी बोलतोय आणि नात लिहून घेतेय. तिला घाई, मला सवड. दोघांचं भांडण होतं, पण चाललंय.

ऑफिस कन्नड मुलखातल्या मोठ्या शहरात, जे. पी. नगरला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. माणसं चार. मीनल मॅडम पुण्याच्या. डॉक्टर, पण सुई न टोचणाऱ्या. शांताक्का घरोघर जाऊन माहिती विचारते. प्रसाद कॉम्प्युटरवर बसतो. आणि मी निपाणीकडचा, चहा करणारा आणि वजनकाटा उचलणारा. सगळे मला अण्णा म्हणतात.

काम काय? तर लोकांच्या जेवणातलं मीठ कमी करायचं, आणि ते खरंच कमी झालं का ते तपासायचं. घरं तीन ठिकाणची निवडलेली: एक वस्ती, मल्लेश्वरमची जुनी घरं, आणि सर्जापूर रोडची उंच अपार्टमेंटं. मुदत एक वर्ष. वर्ष संपलं की दिल्लीहून मोठे साहेब येणार, आणि मीठ जागचं हललं नसेल तर ऑफिसला कुलूप!

प्रसादला कुठंही नोकरी मिळेल. पण शांताक्का आधी उदबत्त्या वळायची, तिला परत तिथंच बसावं लागणार. आणि मॅडम तर पुण्याची कायमची नोकरी सोडून आलेल्या. त्या दर सोमवारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असं बघायच्या, की मीच ते काढून दाराआड लावलं.

\*

वस्तीत सगळी बांधकामावर आलेली माणसं. अथणी, विजापूरकडची. निम्मं मराठी, निम्मं कन्नड. मॅडमनी प्रत्येक घरी एक पिवळा चमचा दिला.

"माणशी दिवसाला एक चमचा मीठ. तोही सपाट. भाजी, आमटी, चटणी, सगळं त्यातच!"

मॅडमचं देणं म्हणजे दोन्ही हातांनी, वाकून. गंगाक्का म्हणून त्या घरांच्या रांगेतली सगळ्यात थोरली बाई. तिनं चमचा पदरात घेतला, ओटी घेतात तसा.

आठ दिवसांनी बघायला गेलो. चुलीपाशी चमचा नाही, डब्यात नाही, भांड्यांत नाही.

"गंगाक्का, चमचा कुठाय?"

तिनं देवघराकडे बोट केलं. यल्लम्माच्या फोटोपुढं चमचा! वर हळदकुंकू, एक जास्वंदीचं फूल.

मॅडम कळवळून म्हणाल्या, "अहो अक्का, तो वापरायचा असतो!"

"वापरते की हो! रोज सकाळी!"

येताना रिक्षा सिग्नलला थांबली. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, आपण मीठ कमी करायला निघालो आणि एक देव वाढवला."

\*

पोटात किती मीठ गेलं हे लघवीतून कळतं, असं मॅडमनी मला समजावलं. म्हणून एक पूर्ण दिवस-रात्र सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवायची आणि तपासायला द्यायची. लोकांना सांगण्याआधी आपण करून बघू, म्हणाल्या. पहिला नंबर माझा.

दुसऱ्या दिवशी कॅन पिशवीत घालून सिटी बसमध्ये चढलो. बस खच्चून भरलेली. कंडक्टरनं पिशवीला हात लावला.

"अज्जा, एनिदु? काय हे? दूध?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"मग लगेजचं तिकीट घ्या."

"तिकीट कशाला? माझंच आहे."

"तुमचंच असणार हो! पण आहे काय?"

मी त्याच्या कानात सांगितलं.

तेवढ्या गर्दीत मला बसायला जागा मिळाली. शेजारची सीटही मोकळी!

\*

मल्लेश्वरमचे कुलकर्णी काका सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी शर्ट इन करूनच पेपर वाचतात. कॅनवर तारीख, वेळ, सही, सगळं चोख! मॅडम खूश.

रिपोर्ट आला तो भलताच. काही मेळच बसेना. मॅडम मला घेऊन परत गेल्या.

"काका, मधे कुठं बाहेर गेला होतात का?"

"हो. मंडळाची मीटिंग होती. तीन तास."

"मग तेवढ्या वेळाची लघवी?"

"ती व्यवस्था मी केली होती. काम थांबता कामा नये." काकांनी आत हाक मारली, "अगं, ये जरा बाहेर!"

काकू दारात आल्या आणि लाजून तोंडाला पदर लावला.

काका शांतपणे म्हणाले, "हे बघा, घर एक, स्वयंपाक एक, मीठ एक. मग फरक काय पडतो?"

प्रसादनं ऐकलं आणि कॉम्प्युटर बंद करून चहा मागितला. म्हणाला, "अण्णा, याला माझ्याकडे रकाना नाही!"

\*

आता आमच्या घरचंच सांगतो.

लोकांना मीठ कमी करा म्हणणाऱ्या आमच्या ऑफिसात जेवायच्या टेबलावर मिरचीच्या लोणच्याची ही एवढी बरणी! शांताक्काच्या आईनं घातलेलं. शांताक्का घ्यायची, प्रसाद घ्यायचा, मॅडम "स्वल्प, स्वल्प" म्हणत दोनदा घ्यायच्या.

मोठ्या माणसांना काय सांगायचं? फक्त रोज टेबल पुसताना बरणी वीतभर मागं सरकवायचो. टेबलाच्या मधून कडेला. कडेवरून खिडकीत. खिडकीतून फायलींच्या कपाटात. मग कपाटावर. वेळ बराच लागला, पण मला कुठं जायचं होतं?

एक दिवस मॅडम जेवता जेवता थांबल्या.

"अण्णा, बरणी कुठाय?"

"कपाटावर."

"कपाटावर? कधी ठेवलीत?"

"ठेवली नाही, मॅडम. चालत गेली."

मॅडमनी घास खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं, ते मला वाचता येत नाही.

\*

सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर नवराबायको दोघंही आयटीतली. आमच्या सगळ्या घरांत हुशार! मॅडम सोफ्यावर बसून लॅपटॉपवर चित्रं दाखवायच्या, ती दोघं पटापट प्रश्न विचारायची. मोबाइलवर रोज आठवण यायची, "आज मीठ कमी". लगेच अंगठा वर!

दहा महिने झाले. मिठाचा पुडा महिन्याला होता तेवढाच संपत होता.

पुड्याचं वजन करायचं काम माझं, म्हणून मी स्वयंपाकघरात. तिथं रेणुकाक्का पोळ्या लाटत होती. मी पाणी मागितलं आणि सहज विचारलं, "अक्का, भाजीत मीठ कोण घालतं?"

"मीच की. दुसरं कोण घालणार? त्यांना गॅस पेटवता येत नाही!"

"मग कमी घाल म्हणून तुला कुणी सांगितलं नाही?"

तिनं लाटणं थांबवलं.

"अय्यो अण्णा! दहा महिने बाहेर मीठ मीठ चाललंय, मला वाटलं त्यांच्या ऑफिसचं काहीतरी काम आहे!"

पुढच्या वेळी मॅडम सोफ्यावर बसल्या नाहीत. स्टूल ओढून थेट ओट्यापाशी. पण तोवर वर्ष संपत आलं होतं.

\*

आणि साहेब आले.

विमानतळावरून थेट ऑफिसात. उंच, गोरे, थकलेले. प्रसादनं पडद्यावर रेघा दाखवल्या. मल्लेश्वरमची रेघ सरळ, सर्जापूर रोडची नुकती कुठं वाकायला लागलेली. वस्तीची मात्र घसरगुंडीसारखी खाली!

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं खूश झाले. ते हिंदीत म्हणाले, "इतकं? वस्तीत? माणसाची जीभ अशी बदलत नाही, डॉक्टर. कुठंतरी चुकलंय."

मॅडमचा चेहरा उतरला. शांताक्का माझ्याकडे बघायला लागली. मी चहाचे कप उचलले, दुसरं काय करणार?

"चला," साहेब म्हणाले, "मला वस्ती दाखवा. आत्ताच."

कुणाला फोन नाही, निरोप नाही. पोचलो तेव्हा जेवायची वेळ. गंगाक्कानं साहेबांचं तोंड बघितलं आणि विचारलं, "ऊटा आयतु? जेवलात?" साहेबांना भाषा कळली नाही, पण पोटाला कळली असावी. आम्ही चौघांनी डबे खाल्ले होते. साहेब तेवढे उपाशी.

तिनं त्यांना चटईवर बसवलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, पातळ आमटी, कांदा. आम्ही भिंतीला टेकून उभे.

साहेबांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटाच्या कडेला बघितलं, जिथं मीठ वाढतात तिथं. कडा रिकामी.

"थोडं मीठ मिळेल?"

मी ते मराठीत सांगितलं. चुलीपाशी बसलेल्या सुनेनं सासूकडे बघितलं.

"आजचं मीठ सरलं," गंगाक्का म्हणाली.

साहेबांना वाटलं, गरिबाचं घर. त्यांनी हळूच खिशात हात घातला. "समोर दुकान आहे, कुणीतरी आणा."

मी सांगितलं आणि गंगाक्काला राग आला!

"दुकान कशाला? पुडा भरून मीठ हाय की हो घरात! आजचं सरलं म्हणते मी. आम्ही सहा माणसं. सकाळी पूजा झाली की सहा चमचे काढून सुनेकडं देते, आणि चमचा परत देवापुढं. मग दिवसभर त्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

मी सावकाश, एकेक शब्द हिंदीत सांगितला. साहेबांचा घास हातातच राहिला. मॅडमनी शांताक्काचा दंड धरला.

गंगाक्का जरा वेळ साहेबांच्या ताटाकडे बघत राहिली. पाहुणा अळणी जेवतोय हे काही तिला बघवेना. मग कपाळावर हात मारून घेतला.

"माझं बी काय डोकं! आज घरात माणूस वाढलंय की!"

ती देवघरापाशी गेली. नमस्कार केला. फूल बाजूला ठेवून चमचा उचलला, पुड्यात बुडवला, बोटानं वरचं मीठ सारून सपाट केला आणि दोन्ही हातांनी धरून घेऊन आली. चमच्याच्या दांड्यावर कुंकू तसंच.

साहेबांनी डाव्या हातानं ताट सरकवलं आणि उजवा तळवा पुढं केला. तीर्थ घेतात तसा.

गंगाक्कानं चमचा त्यावर उपडा केला.

"जपून वापरा, साहेब. रात्रीचं बी यातच हाय."