पहारेकरी झालेला कवळीवाला

हेडमास्तरांची कवळी खाटकाच्या तोंडात आणि खाटकाची हेडमास्तरांच्या, हा पराक्रम कवळीवाल्याचाच. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायची सोयच नव्हती, कारण त्याच्या खोलीत मालक, कारागीर आणि झाडूवाला तिघंही तोच. दोन्ही कवळ्या घासूनपुसून झाल्या आणि डबीत घालताना याची त्याला, त्याची याला. आता परकी कवळी हिरडीवर बसत नसते. पण नवी कवळी सुरुवातीला टोचतेच, असं प्रत्येकाला आधीच बजावून ठेवलेलं असतं, म्हणून त्या दोघा भल्या माणसांनी ती दाबून दाबून बसवली. हेडमास्तरांचे ओठ मिटेनात. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच गल्लीतली मुलं त्यांना खरोखर घाबरायला लागली. खाटीक त्या इवल्याशा दातांनी इतकं गोड हसायचा, की गिऱ्हाइकं न राहवून त्याच्या हातातल्या सुऱ्याकडे बघायची.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळीवाल्याला बोलावून घेतलं.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. माझ्याकडे काय बघताय?"

तो खरंच बघत होता. सांगायचं म्हणूनच आला होता. वाक्यसुद्धा वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथून माघारी फिरलं. त्याने दोन्ही डब्या उचलल्या आणि नेहमीसारखा मागच्या दाराने निघून गेला.

चष्म्याचा नंबर होता तिथेच होता. वाढलं होतं ते दुसरंच. गरम चहाने तोंड भाजलं म्हणून त्याने एकदा छोटा आरसा गालात घातला होता, आणि डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा दिसला होता. खरखरीत. कापसाने पुसला तरी जाईना. तुम्हीआम्ही असतो तर पोट बिघडलं असेल म्हणून विसरून गेलो असतो. हा पडला कवळीवाला. त्याच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. बहुतेक आपले साधे, बोळके, म्हातारपणाचे. पण वरच्या फळीवर तीनचार वेगळे होते. कोणाची अर्धी टाळूच नाही, कोणाचा जबडा एका बाजूने संपलेला. अशा माणसांसाठी तो गुलाबी प्लेट करायचा, पाणी पिताना नाकातून येऊ नये म्हणून. त्यातला एक जबडा त्याच्याच वयाच्या बस कंडक्टरचा. तो घासताना कवळीवाल्याने रेडिओ लावला होता आणि वर शीळही घातली होती, हे आता त्याला आठवलं. त्याने ते जबडे भिंतीकडे तोंड करून ठेवले. जीभ मात्र भिंतीकडे वळवून ठेवता येत नाही. ती दिवसभर त्या चट्ट्यापाशी जाऊन चाचपून यायची.

भित्रा तसा तो जन्माचाच. रस्ता ओलांडायचा तर आधी कोणीतरी ओलांडणारं शोधायचा. लग्नाला होकार द्यायलाही त्याने एवढा वेळ लावला, की "शेवटी यांच्या वतीने मीच हो म्हणून टाकलं," असं बायको अजून चारचौघांत सांगते. बायको शाळेची व्हॅन चालवते. मागे चिल्लीपिल्ली किंचाळत असताना भर गर्दीत व्हॅन मागे घेते, ट्रकवाल्यांना खिडकीतून चार शब्द सुनावते, आणि घरी येऊन म्हणते, "आज काही विशेष नाही." अशा बाईला काय सांगणार? आणि सांगितलं तर ती हात धरून नेणार. नेलं, की कळणार. न कळण्यात अजून थोडी जागा होती. तिथे तो अंग चोरून राहत होता.

याच दिवसांत त्याचा मेव्हणा एक खेळ पुन्हा खेळा म्हणून त्याच्या मागे लागला होता. मेव्हणा संगणक दुरुस्त करतो. जुन्या संगणकावर त्याने दाजींसाठी एक खेळ घालून दिला होता. राक्षस, गुहा, मंतरलेल्या तलवारी, असला. कवळीवाल्याने तो एकदा पुरा खेळला होता. त्यात आपला नायक आपण घडवायचा असतो. याने नायकाचं नाक ठरवायलाच चार संध्याकाळी घालवल्या आणि जबडा तर असा बिनचूक घडवला, की मेव्हणा म्हणाला, "दाजी, हा लढायला चाललाय की दात बसवायला?"

नायकाबरोबर सोबती असतात. तेही साधे नव्हेत; प्रत्येकाची हकिकत खेळ करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली. एक कान तुटलेली तिरंदाज होती. एक बडबड्या मांत्रिक होता. आणि एक पहारेकरी; सदा मागे मागे, तोंड पाडून, कुठलंही दार आलं की दोन पावलं लांब थांबणारा. कवळीवाल्याच्या नायकाने त्याला कधी काही विचारलं नाही. एका लाकडी पुलापाशी सगळे झोपले आणि सकाळी बघतात तर पहारेकऱ्याचं अंथरूण रिकामं. पुढे खेळ संपला, राक्षस मेला, पण तो गेला कुठे ते कळलंच नाही.

"कळायचं असेल तर त्यालाच नायक करा," मेव्हणा म्हणाला. "लिहिलेल्या सोबत्यांतला कोणीही घेता येतो. मग त्याच्या डोक्यात शिरता तुम्ही. जे बाकीच्यांना दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं."

कवळीवाल्याला हे पटलं. नाक नको, जबडा नको. कोणीतरी आधीच ठरवलेलं माणूस. आपण फक्त त्याच्या अंगरख्यात शिरायचं. आणि तेवढा वेळ जीभ गप्प बसली तर बसली.

रविवारी दुपारी त्याने पहारेकरी घेतला. बायको शेजारी शेंगा सोलत बसली.

पहिल्याच पडद्यावर त्याला कळलं की पहारेकऱ्याला टकटक ऐकू येते. एके काळी तो एक दार राखत होता. आतून कोणीतरी ठोठावत होतं. त्याने दार उघडलं नाही आणि तो पळाला. तेव्हापासून ती टकटक त्याच्या मागे. चालताना, जेवताना, दुसरं कोणी बोलत असताना. आधी लांबून, मग भिंतीपलीकडून. बाकी कोणालाच ती ऐकू येत नव्हती. मुक्कामाला शेकोटी पेटली, की पडद्यावर तीन वाक्यं यायची: सांग. हसण्यावारी ने. गप्प राहा.

कवळीवाल्याने "गप्प राहा" निवडलं.

"अहो, सांगा की!" बायको म्हणाली. "ती एककानी बिचारी समोरच बसलीय."

"अजून वेळ आहे."

"वेळ कसला? जवळ येतंय ते."

"तुला काय कळतं यातलं?"

"मला एवढं कळतं की हा माणूस मख्ख आहे."

पुढच्या मुक्कामाला तिरंदाज आपणहून म्हणाली, 'कान का झाकतोस रे?' कवळीवाल्याने "वारा आहे" हे उत्तर दिलं. टकटक त्याबरोबर एकदम जवळ आली, संगणकाच्या टेबलाखालून यावी तशी. बायकोने पाय वर घेतले. त्याने आवाज कमी केला. तरी ती ऐकू येत होती. जीभ गालाकडे गेली. चट्टा जागेवर होता, आणि मागच्या वेळेपेक्षा मोठा वाटला. की वाटलाच फक्त? जिभेला मोजपट्टी नसते.

मग तो पूल आला. तोच लाकडी पूल. सोबती झोपले. पहिल्या खेळात याच ठिकाणी अंथरूण रिकामं झालं होतं, आणि का ते आता समोर होतं. टकटक पहारेकऱ्याच्या स्वतःच्या छातीतून येत होती. पडद्यावर दोनच वाक्यं: तिरंदाजला उठव. निघून जा.

गंमत अशी, की मागच्या वेळी संगणकाने पहारेकऱ्याला पाठवून दिलं तेव्हा कवळीवाल्याला त्याचा राग आला होता. पळपुटा, म्हणाला होता. आता निवड त्याच्या हाती होती, समोर शेंगांच्या टरफलांचा ढीग होता, शेजारी बायको बसली होती, आणि त्याने "निघून जा" दाबलं.

पहारेकरी पूल उतरला, धुक्यात गेला, आणि पडदा काळा झाला. खाली एक ओळ आली. पहारेकऱ्याचं पुढे काय झालं, ते कोणालाच कळलं नाही.

"संपलं?" बायको म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

"अहो पण तिला उठवायचं ना!"

"उठवून काय होणार होतं? ती टकटक थोडीच थांबणार होती?"

"नसती थांबली. निदान एकट्याने तरी ऐकायला लागली नसती." तिने मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले, चावले, आणि पडद्याकडेच बघत विचारलं, "तुम्ही हल्ली डाव्या बाजूने चावत का नाही?"

कवळीवाल्याने माऊस बाजूला सारला.

"गाल चावला गेला होता."

"महिनाभर तोच गाल चावताय? एवढा चविष्ट आहे?"

तो हसला नाही. तीही नाही. मेव्हण्याच्या खेळात असतात तशी वाक्यं इथे हवेत उमटत नव्हती. जे होतं ते घशात होतं, आणि एकच होतं. त्याने ते सांगितलं. जुळवून ठेवलेल्या वाक्यासारखं नव्हे. आधी कंडक्टरचा जबडा, मग प्लेट, मग कापूस, मग चट्टा, अशी सगळी उलटी वरात.

बायको रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पांढरी पडली. ट्रकवाल्यांना सुनावणाऱ्या त्या बाईने सोललेले दाणेच टरफलांच्या ढिगात टाकून दिले, आणि एवढ्या संसारात तिचं असं भान सुटलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. आपल्या भीतीची त्याला सवय होती. तिची भीती बघून मात्र त्याची पाचावर धारण बसली.

"आ करा," ती म्हणाली. मोबाईलचा दिवा लावून तिने आत पाहिलं, बराच वेळ. मग दिवा विझवून म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदाच पुढच्या दाराने गेला. खुर्चीत बसला तर पाय जमिनीला टेकेनात. डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, "काय हो, आता स्वतःची कवळी का?" मग त्यांनी गाल ओढून आत पाहिलं आणि थट्टा तिथल्या तिथे थांबली. हातमोज्याचं बोट चट्ट्यावरून फिरलं, गळ्याखाली गाठी चाचपून आलं.

"घाबरायचं काही नाही हं," त्या म्हणाल्या.

तो घाबरला तो इथेच. एवढी वर्षं मागच्या खोलीत डब्या मांडताना त्याने हे वाक्य पडद्याआडून ऐकलं होतं. दात किडलेल्याला बाई म्हणायच्या, "ओरडू नका." घाबरायचं नाही, असं त्या फार थोड्यांना म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज असाच मऊ व्हायचा.

"तुम्ही जे समजताय ते नसेलही," त्या पुढे म्हणाल्या. "असूही शकेल. बघून सांगता येत नाही, मला नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही. मोठ्या रुग्णालयात जाऊन तुकडा काढून तपासायला हवा. आधी का नाही आलात? मागच्या आठवड्यात समोर उभे होतात की."

उत्तर बायकोने दिलं. "मख्ख आहेत," ती म्हणाली, आणि पर्सेत रुमाल शोधायला लागली.

मोठ्या रुग्णालयाचा बोळ लांबलचक आणि हिरवट. बाकांवर माणसं, आणि प्रत्येकाचा हात गालावर नाही तर गळ्यावर. बायको व्हॅन भलत्याच जागी लावून आली होती. रखवालदार दोनदा येऊन गेला, तेव्हा ती गाडी हलवायला गेली. कवळीवाला एकटा राहिला. टोकाच्या दारामागे धातूवर धातू वाजल्याचा आवाज होत होता. त्याने बाहेर जायच्या दरवाजाकडे पाहिलं. तो उघडाच होता, आणि बाहेर मस्त ऊन होतं. तो अर्धवट उठलाही.

"पळताय होय?" शेजारची म्हातारी म्हणाली. तिच्या गळ्याला पट्टी होती आणि आवाज घोगरा. "मीही मघाशी पळत होते. गुडघ्यांनी दगा दिला."

तो परत बसला.

"माझा नंबर तुमच्या आधी आहे," ती म्हणाली. "तुम्ही जाता का आधी? मला अजून धीर होत नाही."

"मला तर मुळीच होत नाही, आजी."

"मग बरोबर आहे. तुमचा एवीतेवी होणारच नाही; जाऊन या. फक्त एक करा. आत काय करतात, किती दुखतं, ते बाहेर आल्यावर मला सांगा. खरं सांगा हं. सगळे म्हणतात, मुंगी चावल्यासारखं. मला मुंगी नको, खरं हवंय."

"सांगतो," कवळीवाला म्हणाला. म्हणून टाकलं आणि मग लक्षात आलं, की आता जावंच लागणार.

त्याने नावं पुकारणाऱ्या बाईंना नंबर बदलल्याचं सांगितलं आणि तो आत गेला. त्याची बायको धापा टाकत परत आली तेव्हा बाकावर फक्त म्हातारी होती. आत त्याने डोळे मिटले नाहीत. कोणीतरी विचारणार होतं, म्हणून सगळं बघितलं. सुई जाताना टाचेपर्यंत कळ गेली. मग अर्धं तोंड नाहीसं झालं. मग ओढल्यासारखं, कापड फाटल्यासारखं काहीतरी, दुखणं नसलेलं पण फार वाईट. बाटलीत पडलेला तुकडा एवढासा होता. निकाल पुढच्या आठवड्यात, असं सांगून त्यांनी त्याच्या गालात बोळा कोंबला आणि बोलायची सक्त मनाई केली.

दार उघडलं तेव्हा म्हातारीचंच नाव पुकारत होते. बायको तिला दंडाला धरून दारापर्यंत आणत होती. चौकटीतच दोघांची गाठ पडली.

"सांगा," म्हातारी म्हणाली.

त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला. बोळा, बधिर ओठ आणि थोडं रक्त, एवढंच बाहेर आलं. त्याने हात वर केला, पंजा हलवला. त्याचा अर्थ 'जमेल' असाही होत होता आणि 'नको' असाही. म्हातारी त्या हाताकडे बघत राहिली. मागून कोणीतरी "चला आजी" म्हणालं, आणि दार बंद झालं.

कवळीवाला बाकावर बसला. बायकोने त्याचा हात धरला होता. म्हातारी बाहेर आली की तिला कागदावर लिहून दाखवायचं, असं त्याने ठरवलं. बायकोच्या पर्सेतून पेन काढून घेतलं. सुई, टाच, कापड, सगळं क्रमाने मनात मांडलं. बऱ्याच वेळाने बायको चौकशी करून आली.

"त्यांना पलीकडच्या दाराने वरच्या मजल्यावर नेलं म्हणे," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ."

तो उठला नाही. पेन हातात धरून त्या बंद दाराकडे बघत बसला.