सुमनच्या दाढेची गोळी

बायकोच्या दाढेसाठी दिलेली गुंगीची गोळी मी खाल्ली, आणि पूर्ण शुद्धीत, विचारपूर्वक खाल्ली.

माझी बायको सुमन तशी भित्री नाही. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात चपलेनं विंचू मारणारी बाई म्हणून तिचा लौकिक आहे. पण दातांच्या डॉक्टरची खुर्ची दिसली की ती गळाठते. चार महिने दाढ ठणकत होती, ती भाकरी दुधात कुस्करून खात होती, गाल रोज सुजत होता. पहिल्यांदा नगरला नेलं तेव्हा "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणून दवाखान्यातून उठली (गॅस तीस-चाळीस किलोमीटरवर!). दुसऱ्यांदा खुर्चीत बसली, पण डॉक्टर हातमोजे घालेपर्यंत पसार. सापडली ती एस.टी. स्टँडवर, गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल तसाच.

डॉक्टरीणबाई तरुण, पण धीराच्या. तिला परत नेल्यावर म्हणाल्या, "मावशी, आतून पू झालाय. आता टाळून चालणार नाही. पण घाबरणाऱ्यांसाठी उपाय आहेत. नाकाला मास्क लावून गॅस देतो, त्यानं अंग हलकं होतं. नाहीतर तासभर आधी एक गोळी घ्यायची, गुंगी येते. तिसरं म्हणजे शिरेतून औषध, त्याला भूल देणारे डॉक्टर बोलवावे लागतात. गोळी घेतली तर सोबत एक जबाबदार माणूस पाहिजे. शुद्धीतला."

"हे हायेत की," सुमननं माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या विश्वासानं माझ्याकडे लग्नानंतर कोणी बघितलं नव्हतं.

मग तिची तपासणी करून डॉक्टरांनी पुढची तारीख आणि गोळी दिली. एकच.

आता मी पडलो कांदेवाला. नवीन औषध आलं की ते सगळ्या रानावर कधी मारायचं नाही. आधी एका वाफ्यावर मारायचं, पात करपत नाही ना बघायचं, मग पुढचं. इथं तर साक्षात बायको! अनोळखी औषध थेट तिच्या पोटात कसं घालू? ठरल्या दिवशी ती लुगडं नेसत होती तेवढ्यात मी गोळीचे दोन तुकडे केले आणि अर्धा चहाबरोबर घेतला.

पंधरा मिनिटं झाली. काहीच नाही! म्हटलं, औषध भेसळीचं दिसतंय, नाहीतर मात्रा कमी पडली असेल. एस.टी.च्या थांब्यावर खात्री करून घ्यायला उरलेला अर्धाही घेतला.

गाडी सुटल्यावर सुमन म्हणाली, "अवो, गोळी द्या की. टाइम झाला."

"औषध चांगलं हाय," मी म्हणालो म्हणे. "अजिबात करपत न्हाई."

"गोळी कुठंय?"

"पोटात."

एवढं बोलून मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर मान टाकली. पुढचं मला आठवत नाही. ते मी सुमनच्या तोंडून ऐकलं, आणि गावानंही तिच्याच तोंडून ऐकलं.

तिनं मला रिक्षात कोंबलं, दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या. एक बाई एका लुळ्या माणसाला ओढत आणतेय म्हटल्यावर तिथल्या मदतनीस मुलीनं पेशंट ओळखला आणि मलाच खुर्चीत झोपवलं! डॉक्टरांनी जबडा उघडून बघितला.

"अहो, यांचे दात तर ठणठणीत आहेत!"

"त्यांचे हायेतच. डोकं तेवढं तपासा," सुमन म्हणाली.

सगळा प्रकार कळल्यावर डॉक्टर आधी माझ्यावर ओरडल्या, "दुसऱ्याची गोळी कोणी घेतं का, काका?" आणि मग त्यांनी माझी नाडी बघितली. तेव्हा म्हणे मी त्यांची बाही धरली आणि रडवेल्या आवाजात म्हणालो, "ताई, हिला दुखवू नका. लई भेती ती. म्हणून मी आधी चाखून बघितली." हे सुमननं गावाला सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं, तेही एकदाच.

मला बाकड्यावर हलवलं. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आज राहू द्या. किंवा गॅस देऊ का? त्याचा अंमल लगेच उतरतो."

सुमननं घोरणाऱ्या माझ्याकडे बघितलं. "नको. दोघंबी हलकं झालो तर घरी कोन न्हेनार? नुसती जागा बधिर करा आन् काढा." आणि चार महिने पळणारी ही बाई आपण होऊन खुर्चीत बसली. वीस मिनिटांत दाढ बाहेर. मला सांभाळायचं म्हणून तिनं ती भीती गिळली, याचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. मी तिला धीर द्यायला गेलो होतो, आणि तिनंच मला उचलून आणलं.

संध्याकाळचं मात्र मला आठवतं, दुर्दैवानं. सुमन मला दंडाला धरून एस.टी.तून उतरवताना शेजारच्या शांताकाकूंनी बघितलं; आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो एवढंच त्यांना ठाऊक. दहा मिनिटांत त्या वाटीभर मऊ शिरा घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाल्या आणि वाटी थेट माझ्या हातात दिली.

"दत्ता, लई दुखलं का रं?"

सुमनच्या दातांत कापूस. ती स्वतःच्या गालाकडे बोट दाखवून जीव तोडून हातवारे करत होती. काकूंचे डोळे भरून आले. "बघ रं, नवऱ्याच्या काळजीनं पोरीची वाचा गेली!"

मी भिंतीला टेकलो, शिऱ्याचा दुसरा घास घेतला आणि म्हणालो, "काकू, एकदा मन घट्ट केलं ना, की कायबी दुखत न्हाई."